बारा बाटल्या, दोन पत्रकं

आमच्या वस्तीची विहीर बंद करण्याची नोटीस नगरपालिकेने काढली, तेव्हा मी अमरावतीला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. भावाचं कार्ड आलं. सॅनिटरी इन्स्पेक्टर वरवर पाहून गेला, पाण्यात घाण आहे म्हणाला, ती घाण तुमच्याच बोर्डिंगच्या संडासातून येते म्हणाला, महिन्याभरात विहिरीला कुलूप लावू म्हणाला. खाली बारीक अक्षरात पुतणीबद्दल होतं. चार वर्षांची पोरगी, वर्षात दुसऱ्यांदा विषमज्वराने पडली होती. आता उठून बसते, पेज घेते, एवढं लिहिलं होतं.

गावाचं नाव मी लिहीत नाही. अकोला जिल्ह्यातल्या खारपाण पट्ट्यातलं बाजाराचं गाव, एवढं पुरे. या पट्ट्यात खोदाल तिथे पाणी लागतं आणि ते तोंडात धरवत नाही. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. अशा गावात आमच्या विहिरीला गोड पाणी लागलं होतं. धर्मांतरानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात वस्तीने ती आपल्या हातांनी खोदली. त्याआधी आमच्या बाया दुसऱ्यांच्या विहिरीपासून लांब, रिकाम्या घागरी घेऊन उभ्या राहत आणि कोणी वरून ओतलं तर पाणी घेऊन येत. हे मी ऐकलेलं नाही, आईच्या पदराला धरून पाहिलेलं आहे. विहिरीनंतर दोन वर्षांनी खेड्यापाड्यांतल्या आमच्या मुलांसाठी बोर्डिंग बांधलं आणि त्याच्या मागे पक्क्या खड्ड्याचा संडास बांधला. तोही आमच्याच हातांनी. गावात तेव्हा असे संडास वकील-डॉक्टरांकडेच होते. वस्तीच्या समोर सडक, मागे सरकीच्या तेलाची गिरणी आणि तिची उघडी नाली, आणि मधल्या पट्टीत आमची घरं, विहीर, विहार, बोर्डिंग, सगळं.

कार्ड वाचलं आणि माझ्या डोक्यात पत्रकाचा मथळा तयार झाला. मला लिहिणं पत्रकांनी शिकवलं. शिष्यवृत्ती अडवली, पत्रक. हॉटेलात कपबशी वेगळी ठेवली, पत्रक. पत्रकाची एक रीत असते. वर जाड टाइपात सवाल, खाली आरोप, शेवटी मागणी. बहुधा, कदाचित, असं वाटतं, हे शब्द त्यात चालत नाहीत, कारण ते जागा खातात आणि वाचणाऱ्याचा राग थंड करतात. मथळा होता, ‘गिरणीची घाण आमच्या घशात का?’ गिरणीच्या नालीतून काळं, तेलकट पाणी वाहतं हे सगळ्या गावाला दिसत होतं. इन्स्पेक्टरला ती नाली दिसली नाही, आमचा संडास दिसला. मला आणखी पुराव्याची गरज वाटत नव्हती.

मी कार्ड आमच्या प्रयोगशाळेतल्या डेमॉन्स्ट्रेटरना दाखवलं. ते अंजनगाव सुर्जीकडचे, घरी काळी जमीन, बोलणं घरच्यासारखं.

“भडकून काय होते?” ते म्हणाले. “तुह्या संडासातलं पाणी विहिरीत जाते का नाही, तुले माहीत हाय काय?”

“नाही जात.”

“कशावरून?”

“चाळीस फुटांचं अंतर आहे, सर. खड्डा पक्का आहे.”

“काळ्या मातीत उन्हाळ्यात हात जाईन एवढ्या भेगा पडतात. खालचा खडक फुटका. पक्का म्हनते.” त्यांनी कार्ड परत दिलं. “रंग टाकून पाह्य. तूच तं केला होता मागच्या महिन्यात.”

तो रंग म्हणजे फ्लुओरेसीन. आमच्या प्रात्यक्षिकात होता. थॅलिक अ‍ॅनहायड्राइड आणि रिसॉर्सिनॉल एकत्र घ्यायचं, गंधकाम्लाचे दोन थेंब टाकून तापवायचं. नळीच्या बुडाशी गडद लाल गोळा होतो. त्यातला मोहरीएवढा तुकडा सोड्याच्या पाण्यात टाकला की सगळं पाणी आरपार पाहिलं तर पिवळं आणि बाजूने पाहिलं तर झगझगीत हिरवं दिसतं. साधा रंग उजेड खातो आणि गप्प बसतो. हा निळा उजेड खाऊन हिरवा उजेड बाहेर टाकतो, म्हणून इतर रंग जिथे दिसेनासे होतात तिथेही हा दिसतो. डोळ्याचे डॉक्टर याचाच थेंब डोळ्यात टाकतात, बुबुळावर ओरखडा असला तर तेवढीच रेघ हिरवी पेटते, असं सरांनी सांगितलं. पाणी जमिनीखालून कुठून कुठे जातं तेही याने शोधतात.

“खड्ड्यात टाक. विहिरीत आला तं वाट हाय. नाही आला तं इन्स्पेक्टरच्या टेबलावर बाटल्या ठेव अन् मंग तुहं पत्रक काढ.”

मला दुसरी अर्धी गोष्टच ऐकू आली.

आठवडाभर प्रात्यक्षिक संपल्यावर मी थांबून रंग केला. रिसॉर्सिनॉल सरांनी आपल्या कपाटातलं दिलं. बिस्किटाचा लहान डबा भरेल एवढी लाल पूड झाली. ती घेऊन मी शनिवारी एस.टी.ने गावी गेलो, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात विरघळवली आणि बोर्डिंगच्या खड्ड्यात ओतली. वरून आठ बादल्या पाणी टाकलं. बोर्डिंगचे व्यवस्थापक बाजूला उभे होते. वस्ती त्यांना मास्तर म्हणते. विहीर खोदताना आणि खड्डा खोदताना पहिली कुदळ त्यांचीच होती.

“काय बाप्पा, संडासात होळी खेळून राहिला काय?” ते म्हणाले.

“इन्स्पेक्टरला खोटं पाडतो, मास्तर.”

“पाड, पाड. पन त्या खड्ड्याच्या भिंतीले मी सोता चुना लावला. त्यातून मुंगी नाही जात.”

मला सोमवारी परत जायचं होतं. रोज सकाळी विहिरीचं पाणी घेऊन ठेवणारं माणूस हवं होतं. घरात त्या कामाचं माणूस एकच, माझी वहिनी. पहाटेची पहिली बादली तीच काढते, आणि विहाराच्या वर्गात ती आकडे लिहायला शिकली होती. दवाखान्याच्या कंपाउंडरकडून औषधाच्या बारा रिकाम्या बाटल्या आणल्या, बुचं आणली.

“रोज एक भरायची. बूच घट्ट लावायचं, वर नंबर लिहायचा, काळ्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवायची. उजेड लागू द्यायचा नाही, रंग उडतो.”

“बाटल्याईले औषधाचा वास येते, भाऊजी.”

“धुऊन घे. स्वच्छ पाहिजेत. कॉलेजात जाणार आहेत.”

हे शेवटचं वाक्य मी बोललो नसतो तर पुढचं काही झालं नसतं. मला तेव्हा ते साधं वाक्य वाटलं.

दोन आठवड्यांनी रविवारी गेलो तेव्हा बारा बाटल्या पेटीत ओळीने होत्या. एक ते बारा, आकडे ठसठशीत. मी काळी छत्री उघडली, ती मागे धरून एकेक बाटली उन्हात बाजूने पाहिली. हिरवं काहीच नव्हतं. पाणी थोडं मळकट, एवढंच. पहिलीपासून बारावीपर्यंत सारखंच. शेजारची म्हातारी पाहत होती. ती म्हणाली, “बादलीत तं मले हिरवट दिसते, बापू, चार-पाच दिवसांपासून.”

“शेवाळ असेल, आजी.”

म्हातारीला शास्त्र कळत नाही असं मी मनात म्हटलं. बूच मात्र एकाही बाटलीचं उघडलं नाही.

त्याच दुपारी मी अकोल्याला छापखान्यात बसलो होतो. मथळा तोच. खाली, शास्त्रीय परीक्षेने सिद्ध झालं आहे की बोर्डिंगच्या संडासाचं पाणी विहिरीत येत नाही. इन्स्पेक्टर खोटं बोलतात. गिरणीची नाली तात्काळ हटवा. वस्तीतल्या माणसांनी विहिरीचं पाणी निर्धास्त प्यावं. जय भीम. हे पत्रक गावभर वाटलं गेलं. विहारात मोठ्याने वाचलं गेलं. पुतणी तापातून उठल्यापासून वहिनी तिला उकळलेलं पाणी देत होती. पत्रक ऐकल्यावर तिने उकळणं बंद केलं. सरपण वाचलं, असं ती मला हसून म्हणालीही.

दोन दिवसांनी मी बाटल्या आणि पत्रक घेऊन अमरावतीला आलो. सरांनी आधी पत्रक वाचलं. मग एका बाटलीचं बूच काढून नाकाशी नेलं.

“सार केलं काय रे याचं?”

“काय?”

“वास घे.”

मी वास घेतला. चिंच. बाटली तिरपी केली तर बुडाशी कोळाचा तपकिरी थर बसलेला होता. दुसरी उघडली, तिसरी उघडली. सगळ्यांत चिंच. आमच्याकडे पितळ चिंचेने घासतात, वास जाईना तर कोणतंही भांडं चिंचेने घासतात. वहिनीने बाटल्या घासल्या होत्या.

सरांनी परीक्षानळीत साधं पाणी घेतलं, त्यात मी केलेल्या रंगातला उरलेला कण टाकला. नळी हिरवी झाली. त्यात बाटलीतला थोडा कोळ ढकलला. हिरवं विझलं. फिकट पिवळं पाणी राहिलं. मग कॉस्टिक सोड्याचे दोन थेंब टाकले आणि हिरवं परत आलं.

“आंबटात हा पेटत नाही,” ते म्हणाले. “तुले शिकवलं होतं.”

शिकवलं होतं. परीक्षेत विचारलं असतं तर मी लिहिलंही असतं.

मग त्यांनी बारा नळ्या ओळीने लावल्या. प्रत्येकीत एकेका बाटलीतलं पाणी, प्रत्येकीत सोड्याचे थेंब. एक ते पाच तशाच राहिल्या. सहावीत कडेला हिरवी झाक आली. सातवी स्पष्ट. नववीनंतर शंका घ्यायला जागा नव्हती. आमच्या खड्ड्यातलं पाणी सहाव्या दिवशी आमच्या विहिरीत पोचत होतं. इन्स्पेक्टरने न तपासता जे सांगितलं ते खरं होतं, आणि मी तपासून जे छापलं ते खोटं होतं.

“आता?” सरांनी विचारलं.

मला त्या क्षणी पत्रकाचं काही वाटलं नाही. पुतणी ते पाणी न उकळता पीत होती, आणि ते मी सांगितलं म्हणून पीत होती. दुपारचीच एस.टी. धरली. मूर्तिजापूरला टायर बदलायला गाडी अर्धा तास थांबली. तो अर्धा तास मला आयुष्यात सगळ्यांत लांब वाटला.

घरी पोचल्यावर आधी वहिनीला सांगितलं, पाणी उकळ. मग का ते सांगितलं. तिने चुलीवर पातेलं ठेवलं आणि पाठमोरीच राहून विचारलं, “म्हंजे मी घासल्या म्हनून?”

“तू घासल्यास म्हणून रंग दिसला नाही. घाण तुझ्यामुळे नाही.”

“तुमीच म्हनले, कॉलेजात जानार हायेत. तिथं कोनी म्हनलं असतं, याईच्या बाटल्या पाह्य कशा घान. म्हनून तीन-तीन खेपा घासल्या. आतून बोट जाईना तं चिंच तशीच राहू देली रातभर.”

ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या घाण म्हटलं गेलं, त्या घरची बाई कॉलेजात जाणारी बाटली दुप्पट घासणार, हे मला कळायला हवं होतं. प्रयोग मी मांडला होता. चूक माझी होती.

संध्याकाळी विहारात वंदना झाल्यावर मी उभा राहून सगळं सांगितलं. माझ्या बरोबरीचा एक जण म्हणाला, “म्हंजे पंधरा दिवस आमी तुह्या शास्त्राचं पाणी पेलो.” लोक हसले. ते हसणं मला लागायला हवं होतं तसं लागलं.

मास्तर हसले नाहीत. “आपन दोन गोष्टी आपल्या हातानं केल्या, लेका. एक विहीर अन् एक संडास. तू दोन्ही बंद करून राहिला.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “खड्डा उद्या बुजवू. पोट्टे जातीन डबे घेऊन वावरात. पन हे बाहेर कायले सांगतं? तुहं पत्रक निघालं, गिरनीवाला घाबरला, नाली बांधून देतो म्हनते. होऊ दे न. नाही तरी नाली घानच हाय.”

मला ते पटलं, हे लिहून ठेवतो. पत्रकं लिहिणाऱ्याला असं पटायला वेळ लागत नाही. गिरणीमालकाने आम्हाला काय कमी छळलं होतं? एक खोटं त्याच्या नावावर राहिलं तर काय बिघडणार होतं? मी मान हलवलीसुद्धा.

बायांच्या बाजूने वहिनी म्हणाली, “खड्डा बुजवला तं जमिनीत मुरलेलं कुठी जाईन?”

मास्तर म्हणाले, “हळूहळू जाईन न, बाई.”

“किती दिवसात? भाऊजी, किती दिवसात?”

मला माहीत नव्हतं. महिना लागेल, वर्ष लागेल, मी तसं सांगितलं.

“मंग तोवर पोरीले काय पाजू? मले तुमचं पत्रक वाचून दाखवलं तवा मी उकळनं बंद केलं. अजून किती घरी केलं असंन? त्याईले कोन सांगते? तुमी सांगता, का गिरनीवाला?”

मास्तर म्हणाले, “काढ बाप्पा दुसरं पत्रक.”

ते पत्रक लिहायला मला पहिल्यापेक्षा चौपट वेळ लागला. छापखान्यातला कंपोझिटर मला ओळखत होता. त्याने कागद उलटसुलट केला.

“जाड टाइप कुठी लावू?”

“कुठेच नको.”

“मंग वाचीन कोन?”

“ज्यांनी पहिलं वाचलं ते.”

त्यात लिहिलं की मागच्या पत्रकातली परीक्षा चुकीची होती आणि चूक माझी होती. बोर्डिंगच्या खड्ड्यातलं पाणी सहा दिवसांत विहिरीत जातं. विहिरीचं पाणी कोणीही पिऊ नये. गिरणीच्या नालीबद्दल मी काही तपासलेलं नाही, म्हणून काही म्हणत नाही. त्याखाली मागणी लिहिली आणि ती मी मागे घेतलेली नाही. विहीर आणि संडास यांच्यात चाळीस फुटांचं अंतर आम्ही हौसेने ठेवलेलं नाही. आम्हाला मिळालेली पट्टी तेवढीच आहे. गावच्या इतर वॉर्डांना नळ आहे, आमच्या वॉर्डाला नाही. तो द्यावा.

कुलूप लावायला इन्स्पेक्टर आला तेव्हा ते पत्रक त्याच्या फाइलीत होतं. “तुम्हीच कबूल केलं ना?” तो मला म्हणाला. चेहऱ्यावर समाधान होतं.

“कबूल केलं. तुम्ही न तपासता बोलला होता, मी तपासून बोलतोय. चाळीस फूट तुमच्या रिपोर्टात आहेत का?”

“ते माझं काम नाही.”

“मग कोणाचं?”

त्याने फळ्या ठोकायला सांगितलं. वस्तीतली माणसं बाजूला उभी होती. कोणी अडवलं नाही, कारण आदल्या आठवड्यात आम्ही स्वतःच दोर आणि रहाट काढून ठेवले होते. खड्डाही बुजवला होता. मास्तरांनी स्वतः मुरूम टाकला. नगरपालिकेने लिहून दिलं की तात्पुरतं शेजारच्या वॉर्डाच्या नळावर पाणी भरावं. आमच्या वॉर्डाच्या नळाबद्दल उत्तर आलं नाही. अजून आलेलं नाही. मी दर महिन्याला एक अर्ज टाकतो.

शेजारच्या वॉर्डाच्या नळावर पहिल्या दिवशी कोणी जायचं यावर वस्तीत बरीच कुजबुज झाली. जिथून पाण्यासाठी उभं राहणं सोडलं, तिथेच परत उभं राहायचं होतं. वहिनी दोन हंडे आणि पोरीला घेऊन निघाली. भावाने नको म्हटलं. मी बरोबर गेलो.

नळावर सात-आठ बाया होत्या. एकीने आमच्या हंड्यांकडे पाहिलं. “तुमची तं सोताची विहीर हाय म्हनत.”

“होती,” वहिनी म्हणाली. “घान झाली ते आमीच शोधून काढलं, आमीच छापून सांगतलं. तुमच्या नळाचं कोनी पाहिलं काय?”

दुसऱ्या एकीने आपला हंडा वहिनीच्या हंड्यापासून वीतभर दूर सरकवला. तिसरीने सरकवला नाही. नंबर आला तेव्हा वहिनीने स्वतः नळ सोडला, स्वतः भरला, स्वतः बंद केला.

घरी येऊन तिने पोरीला पेला भरून दिला. पोरीने घोट घेतला आणि नाक मुरडलं.

“दवाखान्यासारखं लागते.”

“औषध टाकतात त्याच्यात,” मी सांगितलं.

“मले आपल्या विहिरीचं पायजे.”

“नाही भेटत,” वहिनी म्हणाली. “पे मुकाट्यानं.” आणि पेला रिकामा होईस्तोवर समोर बसून राहिली.